एकही दिवस नाही

सेहेरनं पर्समधून कोलोनची बाटली काढली आणि नेव्रा नको म्हणायच्या आत तिच्या ओंजळीत भसकन ओतली. लिंबाचा वास कॉरिडॉरभर उडाला. "घ्या हो ताई, हॉस्पिटल आहे, कुणाकुणाचे हात लागलेले असतात," सेहेर म्हणाली, आणि मग शेजारी बसलेल्या सासूच्या हातांवर, कोटाच्या बाह्यांवर, मांडीवरच्या शालीवरही तिनं सढळपणे शिंपडलं. एवढंच झालं. अंकारात रोज हजार ठिकाणी एवढं होतं, लांबच्या बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, मयताच्या घरी. नेव्रानं सवयीनं तळवे चोळून नाकाशी नेले आणि लिंबू उडून गेल्यावर त्याच्याखालून दुसराच एक वास वर आला. पुसट, आंबूस, धुतलेला. घाणीचा नव्हे, घाण घालवायची धडपड केल्याचा. लिंबाखालचा हा वास तिला ओळखीचा होता. तो तिच्या घरात कितीतरी हिवाळे राहून गेला होता, आणि जी बाई शब्दांवर पोट भरते तिनं त्याला कधी नाव दिलं नव्हतं.

शब्दांवर पोट म्हणजे खरोखर पोटच. किझिलायच्या गर्दीतल्या एका इमारतीत तिचं टीचभर ऑफिस होतं. खरेदीखतं, घटस्फोटाचे निकाल, वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं, काय येईल ते ती इंग्रजीतून तुर्कीत करायची आणि शिक्का मारायची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर हाल्दुन बे तिच्याकडे आले ते स्क्लेरोडर्माची प्रश्नावली घेऊन. कातडी ताणत ताणत दगड होते, बोटं आत वळतात, तोंड बटव्यासारखं आवळत जातं, आणि मग तो आजार आत उतरतो. घसा, जठर, आतडी हलायचंच विसरतात. खाल्लेलं वर येतं, पोट नगाऱ्यासारखं फुगतं, आणि खाली काय होतं ते बोलायचं नसतं. ते बोलायला लावण्यासाठीच परदेशात कुणीतरी ही प्रश्नावली केली होती. गेल्या आठवड्यात किती दिवस घशाशी आलं, किती दिवस पोट फुगलं, किती दिवस नकळत कपड्यात झालं. उत्तराला चार चौकटी: एकही दिवस नाही, एक-दोन दिवस, तीन-चार दिवस, पाच ते सात दिवस. डॉक्टरांना ती तुर्की बायकांसाठी हवी होती. नेव्रा पैसे घेणार नाही म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही. तिची आई, साफिये, ह्याच आजारानं गेली होती.

मग बैठका. हगण्याला काय म्हणायचं यावर टाय लावलेली शहाणी माणसं दुपार दुपार बसली. एकाला पुस्तकी शब्द हवा, एकाला त्याहून पुस्तकी. नेव्रा टेबलावर हात आपटून म्हणाली होती, "उशाकच्या खेड्यातली म्हातारी हे वाचणार आहे, तुमची विभागप्रमुख नाही. तिला कळेल असं लिहा." शेवटी तिचा शब्द राहिला. साधा, घरातला, ज्याला वास येतो असा. दुसऱ्या दोघांनी तुर्की मजकूर पुन्हा इंग्रजीत करून पाहिला, मूळ अर्थ शाबूत होता. त्यानंतर रुग्ण. एकदा प्रश्नावली भरून घ्यायची, दोन आठवड्यांनी त्याच बाईकडून पुन्हा भरून घ्यायची. दोन्ही वेळची उत्तरं जुळली की प्रश्नावली भरवशाची ठरते. आज सकाळीच हाल्दुन बेंनी तिला खोलीत बोलावून संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला होता. "बघा, नेव्रा हानिम, बघा! कपड्यात होण्याचा प्रश्न. एवढ्या बायका, आणि जवळजवळ सगळ्यांचं दोन्ही वेळा तेच उत्तर. एकही दिवस नाही! अशी जुळणी मी जन्मात पाहिली नाही." त्यांनी चहा मागवला, स्वतःच्या हातानं तिच्यापुढे पोआचाची, चीज भरलेल्या मऊ पावांची, बशी सरकवली. शेवटचे काही कागद दुपारी भरून येतील, मग तिनं सही करायची: भाषांतर रुग्णांना कळतं, त्यांच्या खऱ्या त्रासाला धरून आहे. तिच्या सहीशिवाय कागद पुढे जात नव्हता. सही झाली की ही प्रश्नावली देशभरच्या दवाखान्यांत जाणार. डॉक्टर चौकटी बघतील, 'एकही दिवस नाही' वाचतील आणि पुढच्या बाईला आत बोलावतील. तोंडानं कुणी विचारणार नाही, कागदानं विचारलेलं असेल. सकाळी नेव्राला ह्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिनं पोआचा खाल्ला होता, आणि तो चांगला लागला होता.

आता त्या शेवटच्या कागदांची वाट बघत ती बाकावर बसली होती, कोलोन ओसरलं होतं आणि सेहेर कागद गुडघ्यावर घेऊन सासूला विचारत होती. सासूचं नाव मुकाद्देस. चेहरा ताणून गुळगुळीत झालेला, एक सुरकुती नाही, लांबून कुणी तरुण म्हणावी. "आई, घशाशी आंबट आलं का ग ह्या आठवड्यात?"

"आलं की. रोजचाच पाहुणा तो."

"पाच ते सात दिवस. पोट फुगलं?"

"फुगलं म्हणजे? तुझ्या सासऱ्याला म्हटलं, पाळणा आणून ठेवा, दिवस भरत आलेत."

सेहेर खो खो हसली, समोरच्या बाकावरचा जपमाळवाला म्हातारासुद्धा मिशीत हसला. सेहेरनं खूण केली, पान उलटलं, आणि तिचं पेन थबकलं. तिनं डावीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आवाज पार खाली नेला. "हे पुढचं काही नाही ना आपल्याला?"

"छे ग. अल्लाचे उपकार आहेत."

खूण. खूण. खूण. पुढच्या सगळ्या ओळी पहिल्या चौकटीत.

प्रश्न वाचलाच गेला नाही. ज्या शब्दासाठी नेव्रानं टेबलावर हात आपटला होता तो शब्द ह्या कॉरिडॉरमध्ये कुठल्याही तोंडातून बाहेर पडला नव्हता, आणि ती इथंच बसून हे ऐकत आली होती. तिनं मुकाद्देसच्या हातांकडे पाहिलं. बोटं चिमणीच्या पायासारखी आत वळलेली, टोकांवर चिरा, दोन टोकांना पांढऱ्या चिंध्या. ह्या हातात पेन कसं राहणार? तिनं बाकावर नजर फिरवली. मुलगी, मुलगा, नणंद, सून. प्रत्येक आजारी बाईशेजारी एक धडधाकट हात, आणि प्रत्येक धडधाकट हातात एक पेन. ह्या देशात आजारी माणसाला हॉस्पिटलात एकटं पाठवत नाहीत. पाठवलं तर शेजारीपाजारी घरच्यांच्या तोंडावर थुंकतील. सोबत येणं हे प्रेम, कागद भरून देणं हे प्रेम. आणि त्या प्रेमापुढं कुठली आई म्हणेल की मी चड्डीत हगते? सुनेला सांगेल? मुलाला? तिनं एकदा 'अल्लाचे उपकार' म्हटलं, दोन आठवड्यांनी पुन्हा म्हटलं. जुळलं. आकडा झाला. हाल्दुन बेंनी चहा मागवला.

आई होती तेव्हा दिकमेनच्या चढावर नेव्राच्या घरात न्हाणीघर दिवाणखान्याला लागून होतं, आणि गॅसचा गीझर स्वयंपाकघरात. कुणी गरम पाण्याची तोटी उघडली की गीझर भप्प करून पेटायचा, बशा थरथरायच्या, आणि सगळ्या घराला कळायचं की कुणीतरी गरम पाणी घेतंय. संध्याकाळी मालिका चालू असायची, नवरा सोफ्यावर, नेव्रा पायाशी शेंगा सोलत, आणि आई हळूच उठून आत जायची. तोटी चालू. भप्प नाही. नुसतं पाणी, पाणी, पाणी. "तुझ्या आईचा वजू म्हणजे हमामच," नवरा म्हणायचा, आणि नेव्रा म्हणायची, "गप्प बसा हो, म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो," आणि टीव्हीचा आवाज जरा वाढवायची, आईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. नमाजाआधी हातपाय धुणाऱ्या आईच्या पाण्याचा आवाज ह्या देशातल्या प्रत्येक लेकराच्या कानात असतो, तो आवाज आला की घर ठीक चाललंय असं वाटतं. नेव्रालाही वाटायचं. अंकाराचा हिवाळा, नळाचं पाणी बर्फाच्या पोटातून आल्यासारखं, आणि ह्या आजारात गार पाणी लागलं की बोटं आधी मेणबत्तीसारखी पांढरी पडतात, मग जांभळी, मग आतून सुया. आई बाहेर यायची ती हात काखेत घालून. कोलोन घ्यायची, ताज्या चिरांवर ओतायची, तोंडातून हूं की चूं नाही, ते आवळलेलं तोंड चूं करायला उघडतच नव्हतं धड. "घ्या," म्हणून जावयाच्या हातावरही ओतायची, घरभर लिंबू लिंबू करायची. तिच्या उजव्या तर्जनीचं टोक काळं पडून गळून गेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "आजी गार पाण्यात हात घालतात का?" आणि आईच्या आधी नेव्रा बोलली होती, ठामपणे, जरा चिडूनच, "नाही डॉक्टर. गार पाण्याला आम्ही त्यांना शिवू देत नाही." आईनं तेव्हा तिच्याकडे पाहिलं होतं. त्या ताणलेल्या चेहऱ्यावर काही उमटत नसे, डोळे तेवढे हलायचे. तिनं काय पाहिलं होतं? लेकीला काही कळलं नाही ह्याची सुटका, की कुणालाच कधी कळणार नाही ह्याची खात्री? पुढं आईनं नमाज सोडला. गालिचा घडी करून कपाटावर गेला. "गुडघे दुखतात," ती म्हणाली. पण पाणी वाहत राहिलं. नमाज नाही आणि तोटी मात्र तशीच चालू, हे गणित नेव्रानं केलं नाही. एवढी इंग्रजी वाक्यं उलगडणाऱ्या बाईनं केलं नाही. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

"मुकाद्देस हानिम," नेव्रानं हाक मारली, तिला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं. "जरा आत येता? हे पुन्हा भरू या."

सेहेर उठलीच. "चल आई."

"नाही, त्या एकट्याच."

"म्हणजे? मी काय परकी आहे?"

"नियम आहे."

"मागच्या खेपेला नव्हता नियम."

"आजपासून आहे."

सेहेरनं भुवया वर नेल्या. "जा बाई आई, पण नीट उत्तरं दे हं, नाहीतर ताई मार्क कापतील." ती हसत होती, पण दार लागेपर्यंत तिनं मान आत घातलेलीच होती. वाईट बाई नव्हती ती. सकाळच्या पहिल्या बसनं सासूला घेऊन आली होती, तिच्यासाठी सिमितचे, तीळ लावलेल्या कडक पावाचे, तुकडे चहात भिजवून चमच्यानं भरवत होती. तीच तर अडचण होती.

तपासणीच्या त्या अरुंद खोलीत नेव्रानं प्रश्न मोठ्यानं वाचला. पुरा, शब्द न गाळता.

मुकाद्देस तिच्याकडे बघत राहिली. "नाही, पोरी. अल्लाचे उपकार आहेत."

म्हणजे सून नसली तरी तेच. भिंतींना कान, कागदाला डोळे, आणि ही बाई जन्मभर कुणी 'कशी आहेस' विचारलं की अल्लाचे उपकार म्हणत आली. तिला दुसरं उत्तर कुणी शिकवलंच नव्हतं. नेव्रानं कागद पालथा केला. काय विचारायचं होतं तिला? प्रश्नावलीत नसलेलं काहीतरी. परदेशातल्या त्या हुशार माणसांना सुचलं नसतं असं काहीतरी.

"मावशी, नमाज पढता?"

मुकाद्देसचे डोळे हलले. "पढत होते. आता गुडघे दुखतात."

खिडकीबाहेर अँब्युलन्सवाला कुणाला तरी गाडी काढायला शिव्या देत होता. नेव्राला वाटलं, खोलीत तिसरं कुणीतरी येऊन बसलंय, हात काखेत घालून. "माझी आईही गुडघेच म्हणायची," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तिचे गुडघे चांगले होते, मावशी."

मुकाद्देस शाल सावरत उठली. "इथं पाणी कुठं आहे?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मागच्या दारानं संडासाकडे चालायला लागली. घाईनं, पण मांड्या एकमेकींना लावून, लहान लहान पावलं टाकत. कडी लागली. तोटी सुरू झाली.

तोच आवाज. नेव्रा दाराबाहेर उभी राहिली, आणि तिचा हात खरोखरच, मूर्खासारखा, आवाज वाढवायला टीव्हीचा रिमोट शोधत खिशाकडे गेला. आत फक्त गार पाण्याची तोटी होती, तिला माहीत होतं. ह्या मजल्यावर गरम पाणी कधी आलंच नव्हतं. ती मागच्या कॉरिडॉरच्या टोकाशी चहावाल्याकडे धावली. त्याच्या शेगडीवर खाली उकळत्या पाण्याची किटली आणि तिच्यावर चहाच्या अर्काची चहादाणी अशी उतरंड होती.

"उस्ता, खालची किटली द्या."

"चहा किती?"

"चहा नको. नुसतं पाणी."

"ताई, पाणी दिलं तर चहा कशाचा करू? वर फक्त अर्क आहे, तो काय लोकांनी चाटायचा?"

"चाटू दे," नेव्रा म्हणाली आणि वरची चहादाणी उचलून बाजूला ठेवून किटली घेऊन निघाली. मागून तो ओरडत होता की किटली त्याची स्वतःची आहे, हॉस्पिटलची नाही.

"मावशी, दार उघडा. गरम पाणी आणलंय."

तोटी बंद झाली. "कोण?"

"मी. नेव्रा."

"सेहेर आहे बरोबर?"

"नाही. कुणी नाही."

कडी सरकायला वेळ लागला. त्या बोटांनी कडी सरकवणं सोपं नव्हतं. आत मुकाद्देस भिंतीला टेकून उभी होती, हात छातीशी, मनगटापासून पांढरेफटक, टोकं जांभळी. बेसिनमध्ये एक चड्डी, नुसत्या गार पाण्यानं अर्धी निघालेली. नेव्रानं काही विचारलं नाही. प्लॅस्टिकच्या तांब्यात गार पाणी घेऊन त्यात किटलीतलं ओतलं, बोट घालून बघितलं.

"तू हात लावू नकोस, पोरी. घाण आहे."

"मी नाही लावत. मी ओतते, तुम्ही धुवा."

ती ओतत गेली. घरातल्या थोरांच्या हातावर असंच पाणी घालतात, उभं राहून, बारीक धारेनं. लहानपणी आजीच्या हातावर तिनं घातलं होतं, आईच्या हातावर घालायचं राहिलं होतं. मुकाद्देसची बोटं आधी जांभळी झाली, मग लाल, मग हळूहळू माणसाची. तिनं डोळे मिटले होते. "गुडघ्यांना काय धाड भरलीय," ती म्हणाली, डोळे मिटूनच. "वाकलं की सुटतं. माथा टेकला की सुटतं. पुन्हा धुवायचं, पुन्हा वजू, पुन्हा उभं राहायचं, पुन्हा सुटतं. एका नमाजाला तीन तीन वेळा. मग म्हटलं, अल्लापुढं असलं हगरं अंग घेऊन कशाला उभं राहायचं? इमामाला विचारावं म्हटलं तर विचारणार कोण, मी? आणि गरम पाणी घेतलं तर सेहेर म्हणते, आई, थंडी वाजते का, डॉक्टरकडे जाऊ या का. फार जीव आहे तिचा माझ्यावर." तिनं डोळे उघडले. "आता विचार काय ते."

नेव्रानं किटली खाली ठेवली. कागद खोलीतच राहिला होता, प्रश्न पाठ होता. तिनं तो पहिल्यांदाच असा म्हटला, कुणाला तरी उद्देशून.

"रोज," मुकाद्देस म्हणाली.

बाहेर आल्यावर सेहेर दारातच होती. "एवढा वेळ? काय विचारलं हो आईला?"

"काही नाही ग," मुकाद्देसनं तिच्या दंडाला धरलं. "हेच आपलं, गुडघे, पोट. अल्लाचे उपकार आहेत." आणि आपला आखडलेला हात पुढं केला. "कोलोन दे जरा."

हाल्दुन बेंनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पाच ते सात दिवस? पहिल्या खेपेला तर..."

"पहिल्या खेपेला सुनेनं भरला होता. सगळे असेच भरलेत, डॉक्टर. ह्यातल्या कुणाच्या बोटांत पेन राहतं ते मला दाखवा."

"एक उत्तर वेगळं आलं तर ते वगळता येतं."

"एकीला वगळाल. बाकीच्यांना कुणी वगळलंय ते बघा ना. दोन वेळा तेच खोटं बोललं की तुम्ही त्याला भरवसा म्हणता."

ते चिडले. दोन वर्षं, अनुदान, प्रबंध, काय काय म्हणाले. भाषांतर करणाऱ्या बाईनं भाषांतर करावं असंही म्हणाले. नेव्रानं ऐकून घेतलं आणि सहीचा कागद कोराच त्यांच्या टेबलावर सरकवला. त्यांनी कागद जवळ ओढला, सहीच्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवला. मग फारच हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या रुग्णांना काय विचारत होतो?"

"काही नाही, डॉक्टर. तुम्ही सोबतच्यांना विचारत होता."

अंधार पडता पडता ती दिकमेनचा चढ चढली. घर रिकामं होतं; नवरा भावाकडे एस्किशेहिरला गेला होता. गीझर काढून टाकल्याला बरीच वर्षं झाली होती, आता बॉयलर होता, तो पेटला तरी कुणाला ऐकू येत नसे. आता घ्यायचं तर कितीही गरम पाणी घेता आलं असतं, भप्प न होता, बशा न थरथरता. हा बॉयलर आला तेव्हा नेव्रा केवढी खूश होती! आई जाऊन पहिलाच हिवाळा होता तो. तिनं कोट न काढताच टीव्ही लावला, आवाज ऐकला आणि बंद केला. शांततेत तो आवाज आलाच, आई गेल्यापासून रोज यायचा तसा. न्हाणीघरातून गार पाण्याची धार. तिला ठाऊक होतं, नळ गळत नाही. मागेच नवऱ्यानं दोनदा प्लंबर आणला होता, आणि दोन्ही वेळा प्लंबरनं तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं होतं.

ह्या वेळी ती आत गेली. कोरड्या बेसिनवर वाकून तिनं लाल खुणेची तोटी उघडली, हात धरून थांबली, पाणी कोमट झालं, मग गरम, मग वाफेनं आरसा पुसट होत गेला. साबण पुढे सरकवला. तांब्या भरून ठेवला. मग बाहेर येऊन तिनं दार लोटून घेतलं, पूर्ण नाही, आतल्या माणसाला कडी सरकवावी लागू नये एवढंच, आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसली.

"आई," ती म्हणाली, "गरम सोडलंय."